चौदाच्या आत की बाहेर?

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली आहे. निदान शाळेच्या दप्तरी तरी तशी नोंद आहे. मुलाला शाळेत आणलं की मास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला, की मूल पहिलीच्या वयाचं झालं असं धरलं जायचं. आईला जन्माचं साल आठवायचं ते दुष्काळावरून नाहीतर पुरावरून. तारीख कुणालाच आठवत नसे. मग मास्तर जनरल रजिस्टरात शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख घालायचे. त्या तारखेवर पुढे नोकऱ्या लागल्या, बढत्या मिळाल्या, माणसं निवृत्त झाली. त्या नोंदीला कुणी खोटं म्हटलं नाही. खरी तारीख ठाऊकच नसताना केलेली ती सोय होती.

आज तोच प्रश्न मैदानाच्या कडेला मांडलेल्या टेबलावर विचारला जातो, आणि तिथे सोय चालत नाही. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत होतात. मुंबईत गाइल्स शील्डचा गट वेगळा, हॅरिस शील्डचा वेगळा. कबड्डीत किशोर आणि कुमार असे गट आहेत. एका दिवसाच्या फरकाने मुलगा आत किंवा बाहेर होतो. म्हणून टेबलामागे बसलेला माणूस दाखला मागतो, आणि तो मागणं रास्तच आहे. वय तपासावं की नाही, हा या विषयातला वाद नाहीच. तपासताना मुलाबद्दल आणखी काय काय गोळा होतं, ते कुणाच्या हाती जातं आणि पुढे त्याचं काय होतं, याचा विचार इथे करायचा आहे.

आधी वयचोरीबद्दल, कारण ती गंभीर गोष्ट आहे. बारा वर्षांच्या पोरासमोर पंधराचा गोलंदाज धावत येतो, तेव्हा चेंडू कुठे लागेल याची भीती खरी असते. कबड्डीत तीन वर्षांनी मोठ्या मुलाने पकड केली तर खांदा निखळू शकतो. आणि इजा झाली नाही तरी संघातली जागा जाते. ती ज्याची गेली तो मुलगा खेळच सोडतो. आपल्याकडे या चोरीमागे घराची निकडही असते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. एका पदकाने घर वर येईल असं वाटणाऱ्या बापाला दोन वर्षं कमी करून देणारा कुणीतरी गाठतोच. राहुल द्रविड यांनी डिसेंबर २०१५ मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात हा विषय काढला आणि वयचोरीची तुलना सामनेनिश्चितीशी केली. ज्याने आयुष्यभर शब्द मोजून वापरले, त्या माणसाने एवढं कठोर बोलावं, यावरून दुखणं किती खोल आहे ते कळतं.

तरीही टेबलामागच्या माणसाला हवं असलेलं उत्तर एका शब्दाचं आहे. मूल चौदाच्या आत आहे की बाहेर? एवढ्या उत्तरासाठी तो जे कागद मागतो, ते मात्र फार बोलके असतात.

महाराष्ट्रातला शाळा सोडल्याचा दाखला काढून बघावा. त्यावर जन्मतारीख आहे, पण तिच्या आगेमागे धर्म, जात, पोटजात, जन्मगाव, आईचं नाव, आधीची शाळा, वर्तणूक, प्रगती आणि शाळा सोडण्याचं कारणही आहे. कबड्डीच्या संघात नाव घालण्यासाठी पोटजातीची काही गरज नाही. पण झेरॉक्स दिली, की ती दिली गेली. संघ व्यवस्थापक ती वाचतो, त्याचा मदतनीस वाचतो, निवास व्यवस्था बघणाराही वाचतो. कोणत्या मुलाला कोणत्या खोलीत, कुणाच्या ताटाशेजारी बसवलं गेलं, याचा त्या रकान्याशी संबंध होता की नाही, हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पण आपल्या समाजात राहणाऱ्याला तशी शंका यायला पुरावा लागत नाही.

जन्मदाखल्याचंही असंच आहे. त्यावर आईवडिलांची नावं आणि पत्ता असतो. एकट्या आईने वाढवलेल्या मुलाचा दाखला टेबलावर आला, की वडिलांच्या रकान्याकडे नजर जाते आणि पुढचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये एका अविवाहित आईच्या प्रकरणात सांगितलं, की तिच्यावर वडिलांचं नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही. न्यायालयासमोर जे सांगण्याची सक्ती नाही, ते तालुक्याच्या क्रीडासंकुलात विचारलं जाऊ नये.

बालगृहातल्या मुलांची गोष्ट तर आणखी नाजूक आहे, आणि ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा मुलांकडे पुष्कळदा शाळेचा किंवा पालिकेचा कागदच नसतो. बाल न्याय कायदा, २०१५ च्या ९४व्या कलमात वय ठरवण्याचा क्रम दिला आहे: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची किंवा तत्सम वैद्यकीय तपासणी. त्यानुसार बाल कल्याण समिती आदेश काढते आणि तो आदेश हाच त्या मुलाच्या वयाचा पुरावा ठरतो. आता हाच कागद संघ व्यवस्थापकाला दाखवायचा म्हणजे मूल कुठून आलं, हेच दाखवणं झालं. त्याच कायद्याचं ७४वं कलम अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं. गृहाच्या अधीक्षकांनी वयोगटापुरतं पत्र द्यावं आणि संघटनेने ते मानावं, ही साधी वाट आहे; मूळ आदेश गृहाच्या कपाटातच राहायला हवा.

हे कागद आता हातांतून कमी आणि मोबाइलवरून जास्त फिरतात. स्पर्धेच्या आठ दिवस आधी व्हॉट्सॲपवर गट तयार होतो. ‘सर्व पालकांनी मुलांचे आधार, जन्मदाखला आणि फोटो आज रात्रीपर्यंत टाकावेत’ असा निरोप येतो. रात्री दहापर्यंत पंधरा मुलांची आधार कार्डं तीस-चाळीस फोनमध्ये उतरलेली असतात. त्यांत मुलींचे पत्ते असतात, पालकांचे नंबर असतात. स्पर्धा तीन दिवसांत संपते, गट वर्षानुवर्षं तसाच राहतो. यात कुणाची वाईट बुद्धी नसते, पी.टी.च्या सरांचीही नसते. रात्री दोनला रेल्वेस्थानकावर पोरांना मोजून डब्यात चढवणारा हा माणूस असतो. त्याला कुणी दुसरी पद्धत दाखवलेलीच नाही.

त्यातही आधारचा आग्रह समजण्यापलीकडचा आहे. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, हे आधार प्राधिकरणानेच स्पष्ट केलं आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघातात गेलेल्या माणसाचं वय ठरवताना आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला. म्हणजे ज्या कामासाठी मुलाचा बारा आकडी क्रमांक मागितला जातो, त्या कामाला तो पुरा पडत नाही. केवळ ओळख पटवायची असेल तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं झाकलेलं आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून कुणालाही काढता येतं. स्पर्धेच्या अर्जात मात्र त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

कागदावर विश्वास उरला नाही, तेव्हा खेळाने मुलाच्या शरीराकडे मोर्चा वळवला.

डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा पट्टा असतो. वाढ पुरी होत आली की तो भरत जातो आणि टोक दांड्याला जुळतं. कोणतं हाड किती जुळलं, याला गुण देऊन हाडांचं वय काढायची एक रीत ब्रिटनमधल्या जेम्स टॅनर आणि रेजिनाल्ड व्हाइटहाउस यांनी घालून दिली. तिची तिसरी आवृत्ती २००१ मध्ये आली. क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालील मुलांसाठी आणि पंधरा वर्षांखालील मुलींसाठी हीच चाचणी वापरतं. खेळाडूंच्या तोंडी ती ‘टीडब्ल्यू-थ्री’ किंवा नुसती ‘बोन टेस्ट’ असते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००९ मध्ये नायजेरियात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. त्यात किरणोत्सर्ग नसतो, ही जमेची बाजू. मनगटाचं हाड पूर्ण जुळलेलं दिसलं तर तो मुलगा सतराच्या आत असण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी, असा त्यामागचा हिशेब आहे.

पण हाडाचं वय म्हणजे जन्माचं वय नव्हे. किशोरवयात निरोगी मुलांच्याही हाडांचं वय जन्माच्या वयापेक्षा वर्षभर, कधी दोन वर्षंही मागेपुढे असू शकतं. ताड्ताड् उंच होऊन तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा आणि सोळाव्या वर्षीही शाळकरी दिसणारा मुलगा, दोघंही प्रत्येक गावात असतात. शिवाय मोजायची पट्टी कुठली, हेही पाहावं लागतं. डॉक्टरांच्या टेबलावर अजून सापडणारा हाडांचा दुसरा प्रसिद्ध नकाशासंग्रह, ग्रॉयलिक आणि पाइल यांचा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधल्या खात्यापित्या गोऱ्या घरांतल्या मुलांच्या एक्स-रेंवरून बनला. ते १९३१ ते १९४२ या काळातले आहेत. त्या पट्टीने मेळघाटातल्या किंवा माणदेशातल्या मुलाला मोजताना हात थोडा थरथरला पाहिजे. खुद्द क्रिकेटमध्ये एका वर्षी चाचणीत जे वय निघालं त्यात पुढच्या वर्षी सरळ एक मिळवायचा, आणि बेरीज मर्यादेबाहेर गेली की मुलाला बाहेर काढायचं, अशी रीत होती. २०२५ मध्ये मंडळाने अशा मुलांना दुसऱ्या चाचणीची मुभा दिली. आपल्याच हिशेबातली चूक मान्य करणं हे चांगलं लक्षण आहे.

या चाचणीत खासगीपणाचा प्रश्न आणखी एका कारणाने येतो. एक्स-रे फक्त वय सांगत नाही. हाडांचं वय फार मागे असेल तर थायरॉइडची किंवा वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असू शकते. फार पुढे असेल तर वयात येणं वेळेआधी सुरू झालेलं असू शकतं. म्हणजे संघात घ्यायचं की नाही एवढंच ठरवायला काढलेल्या चित्रात मुलाच्या आजाराची खूण सापडू शकते. ती पहिल्यांदा कुणी वाचायची, बालरोगतज्ज्ञाने की निवड समितीच्या सचिवाने? खेळासाठी काढलेला एक्स-रे घरच्यांच्या हाती परत मिळतो का? मुलींच्या बाबतीत तर वयनिश्चितीच्या जुन्या वैद्यकीय रीतीत शरीर उघडं करून वाढीच्या खुणा तपासणंही येतं. तेरा वर्षांच्या मुलीला खो-खो खेळायला मिळावं म्हणून असली तपासणी कुणी करत असेल, तर ती थांबवली पाहिजे. याला दुसरी बाजू नाही.

आणि निकाल फुटतो. या विषयातला सगळ्यात मोठा घाव इथे बसतो. ‘अमुक जिल्ह्याचे सात खेळाडू हाडांच्या चाचणीत नापास’ अशी बातमी नावांसकट छापायची, की गावात पोराला तोंड दाखवता येत नाही. दाखल्यातला आकडा बदलला असेल तर तो बापाने, प्रशिक्षकाने, कधी शाळेतल्या कारकुनाने. आठ वर्षांच्या मुलाला कुणी विचारायला गेलेलं नसतं. आणि ज्याची हाडं फक्त लवकर जुळली, त्याने तर काहीच केलेलं नसतं. वैद्यकीय अहवाल बाहेर पडला की काय होतं, हे भारतीय खेळाने प्रौढ खेळाडूच्या बाबतीत पाहिलं आहे. २००६ मध्ये दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवलेल्या तमिळनाडूच्या शांती सौंदराजनची लिंगचाचणी झाली, पदक गेलं आणि त्या चाचणीची चर्चा देशभर घराघरांत झाली. तिथे प्रश्न वयाचा नव्हता, पण खासगी अहवाल चव्हाट्यावर आल्यावर माणसाचं काय उरतं, हा प्रश्न तोच आहे.

मुलांच्या बाबतीत सगळ्यांत गाजलेलं प्रकरण अमेरिकेतलं, २००१ मधलं. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला दरवर्षी लिटल लीगची बेसबॉल विश्वस्पर्धा भरते. त्या साली न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या संघातला, डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेला एक डावखुरा पोरगा असा चेंडू टाकत होता, की एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही पहिल्या तळावर पोहोचता आलं नाही. वयोमर्यादा बाराची होती. स्पर्धेनंतर ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या पत्रकारांनी त्याच्या जन्मगावी जाऊन नोंदवही काढली, तिच्यात जन्मसाल १९८९ नव्हे, १९८७ होतं. संघाचे सगळे विजय रद्द झाले. त्याच्या वडिलांवर आणि संघाच्या संस्थापकावर लिटल लीगने आजन्म बंदी घातली. मुलाला मोठ्यांच्या हातातलं बाहुलं मानून फारसा दोष कुणी दिला नाही. पण तोवर त्याचा जन्मदाखला, त्याची शाळेतली गैरहजेरी, त्याच्या आईवडिलांचं वेगळं राहणं हे सारं जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. चौदा वर्षांचा तो मुलगा इंग्रजीही धड बोलत नव्हता. वयचोरी पकडली गेली, ते योग्यच झालं. बाकीचं सगळं छापायची गरज नव्हती.

त्याचं नाव जगाला ठाऊक आहे, या लेखात मात्र ते मुद्दाम लिहिलेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये जयपूरला ३५ चेंडूंत आयपीएलचं शतक ठोकणाऱ्या बिहारच्या चौदा वर्षांच्या मुलाचंही नाही. त्या रात्रीपासून कोट्यवधी लोकांनी त्याच्या शतकाइतकीच त्याच्या मनगटाच्या हाडांचीही चर्चा केली. तो खेळाडू म्हणून सर्वांचा आहे. त्याचा वैद्यकीय अहवाल त्याचा आणि त्याच्या आईवडिलांचा आहे.

कायदा या बाबतीत आता जागा झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत सोळावं कलम खासगीपणाचं आणि एकतिसावं खेळण्याचं आहे. भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. दोन्ही हक्क एकाच मुलाचे आहेत. खेळायला मिळावं म्हणून त्याने खासगीपणा टेबलावर ठेवावा, असा सौदा त्या संहितेत कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो, त्याची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, आणि मुलांविषयीची बंधनं मोडणाऱ्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. कायदा डिजिटल माहितीला लागू आहे. क्लबच्या लोखंडी कपाटातला झेरॉक्सचा गठ्ठा त्याच्या कक्षेत येत नाही. त्याच गठ्ठ्याचा फोटो काढून संगणकात साठवला की येतो.

दुसरीकडे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये वयचोरीविरोधी राष्ट्रीय संहितेचा नवा मसुदा मांडला. नोंदणीला तीन कागदपत्रं, संशय आल्यास टीडब्ल्यू-थ्री आणि एमआरआय, देशभराचा एकच माहितीसंच, क्यूआर कोड असलेलं ओळखपत्र, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांची बंदी आणि दुसऱ्याला आजन्म, असं त्याचं स्वरूप आहे. एकदाच नोंदणी झाली की दर स्पर्धेला दाखल्यांची झेरॉक्स मागायचं कारणच उरत नाही. हे ओळखपत्र नीट बनलं तर त्यावर नाव, फोटो आणि वयोगट एवढं पुरेल. कोड वाचला की ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढंच दिसावं. पण देशातल्या साऱ्या खेळाडू मुलांचे दाखले आणि हाडांचे एक्स-रे एकाच जागी साठणार असतील, तर ते कोण उघडू शकेल आणि मूल अठराचं झाल्यावर त्यांचं काय होईल, हे संहितेतच स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं पाहिजे. नंतर परिपत्रक काढू, असं म्हणून चालणार नाही.

काही ठिकाणी तर नवं काही शोधावंही लागणार नाही. जनरल रजिस्टर शाळेत आहेच. संशय असेल तर क्रीडा अधिकाऱ्याने शाळेत जावं, रजिस्टर उघडून बघावं, ‘पाहिलं’ अशी सही करावी आणि परत यावं. मूळ दाखला टेबलावर दाखवावा, वहीत खूण करावी आणि दाखला आईच्या हातात परत द्यावा. क्रिकेट मंडळाने २०२० मध्ये स्वतःहून खरं वय सांगणाऱ्यांना माफी देऊ केली होती. मुलाला खरं बोलायला वाट ठेवली की बऱ्याच एक्स-रेंची गरजच पडत नाही.

विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि पालकांच्या संमतीसह मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. तोवर निदान एक शालेय हंगाम जुन्याच सवयीने जाणार आहे. त्यामुळे ज्यांच्या घरात खेळणारं मूल आहे त्यांनी यंदाचा अर्ज भरताना संघ व्यवस्थापकाला नम्रपणे विचारावं: ही झेरॉक्स कुणाकडे राहणार, आणि स्पर्धा संपल्यावर ती आम्हाला परत कधी मिळेल? आणि ज्यांच्या फोनमध्ये गेल्या वर्षीच्या संघाची आधार कार्डं अजून पडून आहेत, त्यांनी ती आजच पुसून टाकावीत.